चढत्या माणसाची हाळी

माडावर चढायचं तर आधी हाळी द्यायची. दाभोळच्या खाडीकाठी ही रीत कुणी कुणाला शिकवत नाही. माडाच्या शेंड्यावरून चार घरांच्या न्हाण्या दिसतात, विहिरीवरच्या बाया दिसतात. म्हणून चढणाऱ्याने बुंध्याशी उभं राहून तीनदा ‘होऽऽ’ करायचं आणि घटकाभर थांबायचं. तेवढ्यात बायामाणसं आडोशाला होतात, डोक्यावर पदर घेतात. मग खुशाल चढावं. न ओरडता चढला तो नालायक, त्याला पुन्हा कुणी माडावर बोलवत नाही.

हारुनने ही हाळी दुबईच्या वाळवंटात नेली. आता बघा, तिथे ऐकायला होतं कोण? शहराच्या कडेला, वाळू सुरू होते तिथे, एका अरबाचा मजरा होता. मजरा म्हणजे शेत. खजुराची झाडं, जत गवताचे वाफे, शेळ्या, विहीर आणि पत्र्याची एक खोली. त्या खोलीत हारुन आणि त्याची बायको बिलकीस. त्यांच्याशिवाय कोसभर माणूस नाही. बिलकीस झापाच्या आडोशाला आंघोळीला बसली, की हा खजुराच्या बुंध्याशी उभा राहून ओरडायचा.

“इनायाचे अब्बा, कुणाला सांगताय? मी तुमचीच बायको हाय!” ती आतून हसायची.

“रीत ती रीत गो,” तो म्हणायचा आणि खरोखर थांबायचा.

फेब्रुवारी लागला, की नर-खजुराच्या तुऱ्याची पोय, म्हणजे वरचं आवरण, फुटायची. तो तुरा सावलीत सुकवायचा, मग मादीच्या प्रत्येक तुऱ्यात त्याच्या चार काड्या उलट्या खोचायच्या आणि झावळीच्या पातीने बांधायच्या. हे केलं नाही तर खजूर धरत नाही, नुसते पोकळ दाणे गळतात. कमरेला दोर, दोरात पाठ टेकलेली, पाय बुंध्याच्या खाचांत, असा हारुन दिवसदिवस वर असायचा. काट्यांनी कोपरापर्यंत हात सोललेले असायचे. बिलकीस रात्री त्यावर हळद-तेल लावायची. त्यांची मुलगी इनाया गावी आजीकडे वाढत होती. ती झाली त्या साली हारुनने खोलीच्या दाराशी खुनेझीचं पिल्लू लावलं होतं. खुनेझी म्हणजे तो लाल खजूर. बिलकीसने त्याला भांड्यांचं पाणी घालून वाढवलं. पुढे त्याच्याच बुंध्यात खिळा ठोकून तिने कपड्यांची दोरी बांधली.

मग शहर चालत आलं. आधी रस्ता आला. रस्त्याआधी उंट चरायचे, गाफाची झाडं होती, ती गेली. रस्त्यापलीकडे घरं झाली आणि त्या घरांना शेळ्यांचा वास यायला लागला. शेळ्या विकाव्या लागल्या. मग कोंबड्याची बांग खुपली, कोंबडा कापला. मग खताची गाडी बंद. विहिरीचं पाणी तर आधीच खारट होत चाललं होतं, आता ते जिभेवर धरवेना. गवत पिवळं पडलं. म्हातारा अरबाब, म्हणजे मालक, होता तोवर त्याने दाद दिली नाही. तो वारला आणि त्याचा मुलगा फहद गाडीतून उतरला. उतरताना त्याने काळा चष्मासुद्धा काढला नाही.

“हारुन, खलास. मजरा दिला.”

हारुनच्या हातात फावडं होतं. तो म्हणाला, “आणि झाडं, अरबाब?”

“झाडं कंपनी घेणार. बागेला लावणार. तू झाडांबरोबर जा. मी बोललोय. इन्शाल्ला, सगळं ठीक होईल.”

फहद वाईट माणूस नव्हता, उगाच खोटं कशाला बोला. पण त्याला घाई होती.

झाडं काढायचं काम हारुनलाच लागलं. ऐन बहरात. पोया फुटायच्या बेतात होत्या आणि हुकूम आला, की सगळ्या पोया छाटा, नाहीतर झाड जगायचं नाही. हारुनने स्वतःच्या हाताने त्या कोवळ्या, पिठूळ पोया कापून खाली टाकल्या. झावळ्या एकत्र बांधून शेंडीसारख्या उभ्या केल्या. मुळांभोवती गोल चर खणला. चरात उतरून पहारीने मुळं तोडताना त्याचा घाम त्या मातीत पडत होता आणि वर क्रेनवाला ओरडत होता, “यल्ला, यल्ला!” खुनेझीला पट्टा आवळला, ते झाड हवेत उठलं, तेव्हा बिलकीसची कपड्यांची दोरी त्याच्याबरोबर ताणली गेली आणि तुटली. वाळत घातलेला सदरा वाळूत पडला. क्रेनवाला हसला. हारुनसुद्धा हसला, दुसरं काय करणार?

लोडरने खोली पाडली. चुलीवर चहा उकळायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. विहिरीत त्याच खोलीच्या जोत्याचे दगड लोटले. बिलकीस पिशव्या घेऊन रस्त्याकडेला बसली होती. तिला वाटलं होतं रडू येईल, पण धुळीने डोळे इतके चुरचुरत होते, की रडतेय का नुसतं पाणी येतंय हे तिलाच कळेना.

हारुनला बागकामाच्या कंपनीचा व्हिसा मिळाला, त्याचबरोबर लेबर कॅम्पात पलंग मिळाला. एका खोलीत दहा जण. तिथे बायको कशी नेणार? बिलकीसला फहदने आपल्या नव्या घरी मोलकरणींच्या खोलीत ठेवलं. बारा महिने गेले, आणखी बारा गेले. मजऱ्याच्या जागी वाळू सपाट झाली, लाल फिती बांधलेल्या खुंट्या आल्या, मग भिंती, मग पांढरी घरं, एकसारखी, जणू साच्यातून काढलेली. गेटवर नाव झळकलं : ‘द ओल्ड फार्म’. जुना मजरा! ज्यांनी मजरा मोडला त्यांनीच ते नाव लावलं. आणि ट्रकवरून झाडं परत आली, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शिपायांसारखी उभी राहिली.

खुनेझी कोपऱ्यावरच्या घराच्या आवारात, कुंपणाच्या भिंतीला लागून गेलं. हारुनने खिळ्यावरून ओळखलं. खोली होती तिथून फार तर वीस हात. त्या घरात मराठी माणसं राहायला आल्याचं कळलं, तेव्हा त्याने आपणहून चौकशी केली. चारुदत्त अबुधाबीला तेल कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, आठवड्याच्या अखेरीला घरी येणार. बायको अनुपमा, मुलगी शुभ्रा. आधी शहरात अल मनखूलला फ्लॅटमध्ये होते. त्यांना स्वयंपाकाला बाई हवी होती.

“आपली माणसं हायेत गो,” हारुन बिलकीसला फोनवर म्हणाला. “आणि आपलं झाड हाय.”

अशी बिलकीस परत आली. जिथे तिची चूल होती त्याच्या आसपास आता अनुपमाचं किचन होतं. नळ, ओव्हन, डोक्यावर घोंघावणारा एक्झॉस्ट. किचनमागे मेड्स रूम, खिडकी नसलेली. हारुन कंपनीतर्फे वसाहतीच्या बागेत काम करायचा आणि दुपारी मागच्या दाराशी यायचा. ती उंबऱ्याच्या आत, तो बाहेर. एवढाच संसार.

अनुपमा बोलायला गोड. “चाचा, चहा घ्या ना,” म्हणायची. पण चहाचा स्टीलचा ग्लास मीटरच्या पेटीवर वेगळा ठेवलेला असायचा. “चाचा, ग्लास बाहेरच धुऊन ठेवा हं, आत नको.” हारुन धुऊन ठेवायचा. बिलकीस मान खाली घालून कांदा चिरायची.

दोघांना करावंच लागत होतं. इनाया रत्नागिरीत नर्सिंगला होती. गावी ना शेत, ना वाडी, भावांनी वाटण्या करून हारुनला अंगण तेवढं ठेवलं होतं. एकाचं काम गेलं तर ओढाताण झाली असती, दोघांचं गेलं तर पोरीचं हॉस्टेलच सुटलं असतं. हे बिलकीसला झोपेतही माहीत होतं.

रोजे लागायच्या आधीची गोष्ट. अनुपमा किचनच्या दारात उभी राहून वर बघत होती.

“चाचा, हे झाड मादी आहे ना? मग खजूर का नाही धरत? बाहेर चांगला खजूर तीस दिऱ्हाम किलो आहे, म्हणजे सातशे रुपये झाले की हो! आणि आपल्या दारात झाड असून विकत आणायचा?”

“ताई, नराचा तुरा लावायला हवा. त्याशिवाय नाय धरत.”

“मग लावा ना!”

“कंपनी चढू देत नाय, ताई. मशीन मागवायला लागतं.”

“इश्श, आमचं झाड, आमचं आवार. कोण विचारतंय? तुम्ही लावा, बिनधास्त लावा.”

बिलकीस आत भाकरी थापत होती. तिने सगळं ऐकलं. आणि तिने हारुनचं तोंडही बघितलं, बऱ्याच दिवसांनी ते तोंड उजळलं होतं. तिने आपणहून पलंगाखालून जुना दोर काढला. मजऱ्यावरून आणलेल्या चार वस्तूंतला तो एक.

गोल चौकातल्या नर-खजुराची छाटणी करताना हारुनने एक तुरा बाजूला काढला, कागदात गुंडाळून सुकवला. रोजे चालू झाले होते. सकाळचं ऊन कोवळं होतं तोवर तो मागच्या फाटकाने आला, चपला काढल्या, दोर बुंध्याभोवती टाकून कमरेला घेतला. तोंडाला पाण्याचा थेंब नाही. आणि बुंध्याशी उभा राहून त्याने हाळी दिली.

“होऽऽ! होऽऽ! होऽऽ!”

किचनमध्ये बिलकीसचा पिठाचा हात आपोआप ओढणीकडे गेला. डोक्यावर ओढणी घेतली आणि तिचं तिलाच हसू आलं. कितीतरी दिवसांनी त्या जागेवर तो आवाज घुमला होता.

पण भिंतीपलीकडे दुसरंच घडलं. शेजारच्या घरातली गोरी बाई आपल्या आवारातल्या हौदात पोहत होती. पोहायच्या कपड्यात. तिला काय कळणार, ही हाळी म्हणजे ‘बाई गं, आडोशाला हो’ असं आहे? हाळी झाली नसती तर तिने वर बघितलंही नसतं. हाळी झाली म्हणून ती आवाजाच्या दिशेने बघत राहिली, आणि घटकाभराने तिला वर दिसला दोराला टेकलेला, दाढीवाला माणूस, हात झावळ्यांत घातलेला. ती किंचाळली. हारुनला वाटलं बाई पडली की काय, म्हणून त्याने वळून खाली बघितलं. झालं!

तो अर्ध्या तुऱ्यांतून उतरला नाही. उरलेल्या तुऱ्यांत काड्या खोचल्या, पाती बांधल्या, मग खाली आला. तोवर दोन सिक्युरिटीवाले फाटकात होते आणि त्यांच्यामागे वसाहतीचा मॅनेजर ओवेस, हैदराबादचा, हातात फोन घेऊन.

“हारुनभाई, सच बोलो. मॅडम कहती हैं तुम पहले चिल्लाए, फिर ऊपर से देखते रहे.”

हारुनच्या दाढीवर नराच्या तुऱ्याची पांढरी भुकटी पडली होती. तो म्हणाला, “साहब, चिल्लाया तो बताने के वास्ते. औरत लोग अंदर जाए, इस वास्ते. हमारे गाँव में…”

“मतलब तुमको मालूम था, उधर औरत है?”

हारुनला नव्हतं माहीत म्हणून त्याने हाळी दिली, पण कुणी असेल म्हणूनच तर दिली. त्याने हिंदीत शब्द शोधले, सापडले नाहीत. बिलकीस किचनच्या दारात येऊन उभी राहिली, हाताला कणीक. जिन्यावरून शुभ्रा ओरडली, “मॉम, व्हाय इज एव्हरीवन सो लाउड?” अनुपमा तिला “वर जा,” म्हणाली आणि बाहेर आली.

“मॅडम, आपने इसको चढने को बोला था?” ओवेसने विचारलं. “स्टाफ से प्रायव्हेट काम कराना मना है. फाइन आता है, और कमिटी में नाम जाता है.”

अनुपमाच्या कानाला फोन होता, तिकडे अबुधाबीहून चारुदत्त. त्याचा आवाज बाहेर ऐकू येत होता : “अनु, तू यात पडू नकोस. काही कबूल करू नकोस.”

“मैंने? नहीं तो,” अनुपमा म्हणाली.

हारुन मराठीत वळला. “ताई, तुम्हीच बोललात ना, बिनधास्त लावा म्हणून?”

“चाचा, मी खजुराबद्दल विचारलं होतं. झाडावर चढा म्हणाले होते का मी?” ती रागावली नव्हती. आवाज तसाच गोड होता. मग ती बिलकीसकडे वळली. “बिलकीस, तू होतीस की किचनमध्ये. मी सांगितलं होतं का ह्यांना चढायला? तूच सांग.”

सगळे बिलकीसकडे बघायला लागले. हारुनही बघायला लागला. त्याच्या तोंडावर भीती नव्हती, हे बिलकीसला पुढे कायम आठवत राहिलं. उलट त्याला हायसं वाटलं होतं. आता ही सांगेल आणि मिटेल, असं काहीसं त्याच्या डोळ्यांत होतं. बिलकीसच्या डोळ्यांपुढे मात्र इनाया आली, पांढऱ्या युनिफॉर्ममधली, कालच फोटो पाठवलेली. तोंड उघडलं तर ताई आपल्यालाही काढणार, दोघांचाही व्हिसा जातो. मिटलं तर एकाचाच.

“मला काय आयकू नाय आलं, ताई,” ती म्हणाली. “एक्झॉस्ट चालू होता.”

“और इसका चिल्लाना? वो सुना?” ओवेसने विचारलं.

ओढणी अजून तिच्या डोक्यावर होती. कणकेची बोटं ओढणीवर उमटली होती.

“नहीं सुना.”

हारुनने दोर गुंडाळला, खाली बसून चपला घातल्या. चपलेच्या अंगठ्यात बोट जाईना, त्याने दोनदा प्रयत्न केला. मग उठून म्हणाला, “बराबर हाय, साहब. एक्झॉस्ट का बहोत आवाज होता है.”

ईदेआधीच त्याला विमानात बसवलं. विमानतळावरून त्याचा फोन आला. बिलकीस खिडकी नसलेल्या खोलीत दार लावून बसली होती.

“मी… मला माफ…” ती बोलायला गेली.

“गप. पोरीचं शिक्षण हाय. तू तोंड मिटून रव.” मग तो म्हणाला, “खुनेझी धरली तर मला कळव हां. धरली म्हणजे लोकांना कळंल, मी कशाला चढलो होतो.”

गावी त्याच्याआधी बातमी पोचली होती. कॅम्पात शेजारच्या गावचा एकजण होता, त्याने फोन करून रंगवून सांगितलं. अरबांच्या मुलखात बायका बघताना धरला! कुणी तोंडावर बोलत नव्हतं. पण हारुन माडाखाली दोर घेऊन उभा राहिला, की पोरं लांबून ‘होऽऽ’ करून खिदळायची. त्याला नारळ पाडायला बोलवणं बंद झालं. रजेवर आला, की ज्यांचे माड तोच उतरवायचा, त्यांनी दुसरा माणूस बघितला. दर शुक्रवारी त्याचा फोन यायचा आणि एकच विचारणं, “धरली काय?” बिलकीस म्हणायची, “अजून काय दिसत नाय.”

दिसत होतं. एप्रिलात हिरवे मणी धरले. जूनमध्ये घड इतके लोंबले, की झावळ्यांना टेकू द्यावा लागला. जुलैच्या भट्टीत, बाहेर पाऊल टाकलं की डोळ्यांतलं पाणी वाळावं अशा उन्हात, खुनेझी लालभडक पिकला. अनुपमाने मशीनवाल्याला बोलावून घड उतरवले. शुभ्राने फोटो काढून कुणाकुणाला पाठवले. घरभर गोड वास भरला. अनुपमाने सोनेरी कडेचे खोके आणले आणि बिलकीसला खजूर निवडून भरायला बसवलं.

“पहिला खोका शेजारी जाऊ दे,” ती म्हणाली. “बिचारी तेव्हा किती घाबरली होती. संबंध चांगले ठेवावेत. आणि बिलकीस, तूपण खा गं दोन. काय गोडी आहे! हारुनचाचांना सांग हं माझं नाव घेऊन, त्यांच्या हाताला गुण आहे.”

शुक्रवार होता. बिलकीसच्या ओढणीच्या गाठीतला फोन वाजला. बोटं चिकाने चिकट झाली होती, फोन कानाला चिकटला.

“धरली काय गो?”

तिने एक खजूर निवडून खोक्यात ठेवला.

“धरली असंल तर एक फोटो पाठव. जमातीच्या चार माणसांना दाखवतो. आणि तू त्या मॅनेजरलापण दाखव. सांग त्याला, हे बघा, माणूस ह्याच्यासाठी चढला होता. आता तर सांगू शकतेस ना? समोर झाडच हाय.”

समोर झाड होतंच. खिडकीतून बुंधा दिसत होता, खिळ्यासकट. मांडीपुढे खोके होते, ओट्याशी अनुपमा रिबिनी कापत होती. फोटो पाठवायचा, मॅनेजरकडे जायचं, म्हणजे त्या दिवशी ऐकलं होतं असं सांगायचं. मग ही बाई दुसऱ्या दिवशी दुसरी स्वयंपाकीण बघेल.

“नाय धरली,” बिलकीस म्हणाली. “सगळी पोकळ निघाली. गळली.”

तिकडून वाऱ्याचा आवाज येत होता. खाडीवरचा वारा असणार.

“मग फुकटच चढलो गो,” हारुन म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

अनुपमाने कात्री खाली ठेवून विचारलं, “चाचा होते ना? सांगितलंस, हाताला गुण आहे म्हणून?”

“सांगितलं, ताई.”

बिलकीसने फोन ओढणीला पुसला, पुन्हा गाठीत बांधला आणि पुढचा खोका ओढून घेतला.